पॅरिसात मिटलेला चाकू

प्रिय धाकट्या बार्थेलेमीस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे मी, फिलोमेन. विसरला असशील म्हणून नावही घातलं. ईस्टरला आलास तेव्हा माझ्या टेबलावर चाकू विसरलास, त्याआधी टोपी, आणि त्याच्याही आधी जत्रेत बायको. (बायको स्वतःच्या पायांनी घरी आली, चाकूला पाय नसतात.) त्या चाकूबद्दल तुझी तीन पत्रं आली, त्यांचं उत्तर शेवटी देते. तुझा गुडघा कसा आहे? गाई दूध देतात ना? माझी तब्येत बरी आहे, फक्त पॅरिसहून आल्यापासून जेवताना एका हाताने ताट घट्ट धरून बसते. का, ते सांगते. लिहिणारी आपली लेओनी आहे, माझी नात. मला अक्षर येत नाही, पण तिने काही गाळलं तर कळतं, लेखणीची कुरकुर थांबते. (हेही लिही.)

तर लेओनीचा भाऊ रेजिस पॅरिसला कचेरीत लागला आणि सोलांज नावाच्या मुलीत जीव गुंतवून बसला. मुलगी गोड आहे. तिचे आजोबा मस्यू शाब्रिये दोन हॉटेलांचे मालक. त्यांची मुलगी, म्हणजे सोलांजची आई मादाम क्लोतिल्द, विधवा, आणि तिच्या होकारावाचून पान हलणार नव्हतं. आम्हाला पारखायला तिने एका बड्या जेवणघरात बोलावलं. आमच्याकडून मी, माझा मुलगा उर्बें आणि रेजिस; त्यांच्याकडून मादाम, सोलांज आणि आजोबा. स्टेशनवरच रेजिस म्हणाला, "आजी, हात जोडतो, तिथे चाकू काढू नकोस. आपण गावंढळ दिसलो की संपलं." मी कबूल केलं. तुला आपल्या डोंगरातल्या घराघरांतली रीत तरी आठवत असेल: बाबांनी चाकू पावाला पुसून खट्‌कन मिटला की जेवण संपलं, तोंडातला घास गिळत सगळ्यांनी उठायचं. तू तर बटाट्यासाठी रडत उठायचास. नवरा गेल्यापासून आमच्या घरात ते खट्‌ माझ्याकडे आहे. चाकू झग्याच्या खिशात होता खरा, पण काढायचा विचार नव्हता. (लेओनी, हे ठळक लिही.)

आत गेलो तर काळ्या कोटातली चार माणसं आमच्या पाठीशी उभी. मला वाटलं, कोणाची तरी शवपेटी उचलायला आली असावीत. बसा म्हटलं तर कोणी बसेना. मग हातात एक जाडजूड पुस्तक दिलं. मी समजले, आधी प्रार्थना. ती पदार्थांची नावं होती म्हणे. रस्सा आला. दोन चमचे घेतले आणि मादामचा नवरा कशाने गेला ते विचारायला चमचा खाली ठेवला, तोवर रस्सा नाहीसा. मासा आला. मादामने आपल्या गाईंबद्दल विचारलं, म्हणून मी नीटनेटकी बाई, काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवून उत्तर द्यायला लागले, तर मासाही गेला. मी काळ्या कोटाला विचारलं, "का हो, माझं काही चुकलं का?" तो म्हणाला, "मादाम, तुमचं झालं ना?" "अहो, सुरू कुठे झालंय?" तो हसला आणि ताट घेऊन चालता झाला. सोलांज कानाशी पुटपुटली, "आजी, काटा-सुरी अशी शेजारी ठेवली की त्यांना वाटतं, झालं." "मग बोलायचं असेल तर?" "मग खायचं नाही."

तिसऱ्यांदा पिठाच्या टोपीखाली वासराचं मऊ मांस आलं, आणि काळा कोट माझ्याकडे सरकताना दिसला. हात आपोआप खिशात गेला. उघडा चाकू मुठीत धरलेल्या बाईचं ताट कोणी उचलत नाही, बार्थे. तो लांबून वळसा घालून गेला. रेजिस छताकडे बघत होता. मादामने ओठ आवळले. म्हातारा शाब्रिये मात्र चाकूकडेच बघत राहिला.

मग छोट्या पेल्यात गोड बर्फ आला. गोड आलं म्हणजे जेवण संपलं, हे कोणालाही कळेल. (जेवणाच्या मध्येच बर्फ का खातात, ते मला अजून समजलेलं नाही.) मी चाकू पावाला पुसला आणि खट्‌कन मिटला. उर्बें उठला. दोन वर्षांत करंगळी वर करून चहा प्यायला शिकलेला रेजिस, तोही उठला. मादाम पांढरी पडली. "आमचं काय चुकलं? असे उठून निघालात?" रेजिसचा चेहरा मला बघवेना, वाटलं, पोराचा संसार मी मिटला. तेवढ्यात मादाम दुसरीकडेच बघून ओरडली, "पप्पा! तुम्ही कुठे निघालात?"

म्हातारा गळ्यात रुमाल खोचून उभा. स्वतःच्या पायांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याचेच. मग आपल्या डोंगरातल्या बोलीत म्हणाला, "मालकीणबाई, बदक यायचंय अजून. उघडा की चाकू, म्हंजी बसतो आमी."

मी उघडला. सगळे बसले.

पॅरिसात जन्मलेला बाप म्हणून मादाम ज्याला ओळखत होती, तो बारा वर्षांचा असताना आपल्या डोंगरातून आला होता आणि बापाबरोबर कोळशाची पोती सहा-सहा मजले चढवत होता. हे तिला बदक येईपर्यंत ठाऊक नव्हतं. बदक संपत आलं तेव्हा तिने आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आणखी काय लपवलंय, पप्पा?" तो म्हणाला, "भूक," आणि रश्शाचा थेंब राहू नये म्हणून पावाने ताट पुसलं. सोलांज हसली, मग उर्बें, शेवटी मादाम, पण ती हसली की रडली, ते माझ्या जागेवरून दिसलं नाही. लग्न बहुतेक ठरलं. ऑक्टोबरात, आपल्या कोठारात.

तुझी बहीण,
फिलोमेन (फुली माझी, बाकी लेओनीची)

ता. क. चाकू तुझा होता. माझ्याची स्प्रिंग सैल झालीय, खट्‌ ऐकूच येत नाही, लोक खातच राहतात.

आणखी ता. क. तो परत मिळणार नाही. निघताना म्हाताऱ्याने हातात घेतला, दोनदा खट्‌ केलं, आणि देईना. मी म्हटलं, ठेवा. फुकट घेतलेला चाकू नातं कापतो, हे तोही विसरला नव्हता; नाणं द्यायला खिसे चाचपू लागला. मी म्हटलं, "नाणं नको, सोलांज द्या." त्याने मादामकडे पाहिलं. ती म्हणाली, "पप्पा, आधी तो चाकू खिशात घाला, लोक बघतायत." रेजिस म्हणतो, हाच होकार. मला नक्की कळलेलं नाही, पण तुला चौथं पत्र लिहायचं कारण उरलेलं नाही.

शेवटचं. म्हाताऱ्याला लग्नात आपल्याकडचं चीज हवंय. तुझ्या तळघरातला सर्वांत जुना गोळा अख्खा पाठव, वरची बुरशी न खरवडता, आणि एक पोतं चेस्टनट. स्वतः आणू नकोस, आगगाडीत विसरशील. बायकोच्या हाती दे, आणि तिला विसरू नकोस.