नदीत न सोडायच्या अस्थी

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
क्षेत्रीय कार्यालय, पुणे.

विषय : कै. सौ. कुसुम दिगंबर आगाशे यांच्या मूठभर अस्थी नदीकाठच्या उद्यानातील उंबराखाली पुरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : उद्यानाच्या रखवालदार कांताबाई यांची दि. ७ रोजीची तोंडी सूचना.

महोदय,

१. अर्जदार दिगंबर आगाशे, वय एक्याऐंशी, राहणार सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षक. अर्जदाराची पत्नी कुसुम चौदा वर्षे गणपतीत पुलावर उभी राहून लोकांकडून निर्माल्य मागून घेत असे. "आंघोळीला सात नद्यांची नावं घेता, आणि दारच्या नदीत पिशव्या फेकता?" असे ती कोणालाही विचारी. त्या निर्माल्याचे खत करून ती सदर उंबराला घाली. उंबरात दत्तमहाराज असतात म्हणे. अर्जदार तिच्या शेजारी एकदाही उभा राहिला नाही. चारचौघांत लाज वाटे.

२. दि. ४ रोजी ती वारली. आदल्या दिवशी दवाखान्यात म्हणाली, "अहो, मला नदीत सोडू नका. तिला आधीच फार झालंय. उंबराखाली पुरा." अर्जदार "बरं" म्हणाला.

३. तिसऱ्या दिवशी घाटावर गुरुजींनी सांगितले, वाहते पाणीच हवे. मुलगा आमोद म्हणाला, "बाबा, आता इथे वाद नको." नातलग बघत होते. पस्तीस वर्षे वर्गात खड्या आवाजात शिकवलेल्या अर्जदाराच्या तोंडून शब्द फुटला नाही. आमोदने कलश उपडा केला. राख फेसावर पसरली, तेव्हा कुठे अर्जदार पाण्यात उतरला. हाताला लागले ते रुमालात बांधून आणले.

४. दुसऱ्या दिवशी अर्जदार उद्यानात गेला असता कांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "आजोबा, बाईंसाठी खड्डा मी खणते. पण साहेबांचा कागद आणा."

५. सदर रुमालात राख किती आणि गाळ किती, हे सांगता येत नाही. कदाचित ती त्यात नसेलही. तरी परवानगी द्यावी. बावन्न वर्षांत तिने माझ्याकडे एवढेच मागितले, आणि मी हो म्हणालो होतो.

आपल्या कागदाच्या प्रतीक्षेत,
दिगंबर आगाशे
पुणे, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२. मुलाचे संमतिपत्र जोडलेले नाही. त्याला सांगण्याचे धैर्य अर्जदारास अद्याप झालेले नाही.