करुणासाठी चाळीस मतं

क्रांतीचे पप्पा,

मी नावड्याला आपल्या क्रांतीकडे जातेय. कंपनीतून आलात की जेवून घ्या. भाकरी फडक्यात आहे, वांग्याची भाजी तेवढी गरम करा.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत करुणा ढवळेला ऑनलाइन मतं कमी पडलीत. आज सहाला व्होटिंग बंद. क्रांतीच्या कॉलनीतल्या चाळीस बायका तिथल्या बुद्धविहारात जमणार आहेत. फोन सगळ्यांकडे आहेत, पण ॲपवरून मत कसं द्यायचं ते जमत नाही. मी शिकवणार आहे.

काल तुम्ही विचारलंत, "ती बाई तुझी कोण लागते?" तेव्हा मी पीठ मळत राहिले. लग्नाआधी मी ज्या गायन पार्टीत होते, तिथंच ती होती. आम्ही दोघी एकाच माइकवर गायचो. तिनं गाणं सोडलं नाही.

सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा तुमच्या फोनवरूनही तिला मत दिलं. न विचारता दिलं, तेवढं माफ करा.

व्होटिंग झालं की तिथंच गाण्यांचा कार्यक्रम आहे. क्रांतीनं माझं नाव दिलंय. मी सातला गाणार आहे. यायचं असेल तर या.

जाई