उठवणीचा नारळ

॥ श्री मारुती प्रसन्न ॥
पिंपळधरी, २० जानेवारी १९७४

ती. स्वरूप मधुकररावांच्या चरणी गोपिकेचा सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. इतकी खुशाल, की देवळात कोणी घुमायला लागलं तर धरायला मलाच हाक मारतात. काल नागपूरच्या जरीपटक्याहून आणलेली एक सून अंगात येऊन लोळत होती, तिला तिघींनी धरलं, त्यात एक मी. जिला बाहेरची बाधा आहे तिच्याकडून असलं काम कोण करून घेईल, तुम्हीच सांगा.

पुजारी चंपतराव तर रोज विचारतात, तुले काही झालं नाही, मग काहून बसून राहिली वं. पण इथला नियम त्यांनाही मोडता येत नाही. ज्यानं पदरात नारळ घालून देवासमोर बसवलं, त्यानंच येऊन तो फोडायचा आणि हाताला धरून उठवायचं. मला सासूबाईंनी बसवलं, त्याला चार महिने झाले. माझा नारळ नावाच्या चिठ्ठीसकट कोनाड्यात आहे. हलवला की आत खोबरं वाजतं.

बाळ गेल्यावर मी दोन महिने बोलले नाही, हे खरं. मला बोलावंसंच वाटत नव्हतं, दुसरं काही नव्हतं. सासूबाईंना घेऊन या. एका दिवसाचं काम आहे.

लोभ उणा होऊ देऊ नये.
तुमची, गोपिका


॥ श्री ॥
वाडी, नागपूर, ९ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. गोपिकेस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. बायांना धरतेस म्हणजे देवाच्या दारी अंगात चांगलीच ताकद आली म्हणायची. घरी तर पाण्याचा हंडा उचलवत नव्हता. इकडे गोदामात ट्रकांची रांग थेट अमरावती रोडपर्यंत जाते, मालक एक दिवस सोडत नाही.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मले काही झालं नाही असं जी म्हणते, तिच्या अंगातलंच गेलं नसते. तिला स्वप्नात हुकूम व्हायचा आहे, झाला की येईल. तोवर आपणहून निघू नकोस. न उठवलेल्या बाईला ती उंबरा ओलांडू देणार नाही. दोनदा म्हणाली, म्हणून लिहितो.

स्वयंपाकाची काळजी करू नकोस. आईनं नात्यातली कांता आणली आहे, एकोणीस वर्षांची, हाताला चव आहे. तुझ्या ट्रंकेतलं हिरवं लुगडं आईनं तिला दिलं. तुला तिथं त्याचा काय उपयोग?

प्रकृतीस जपावे, लोभ आहेच.
मधुकर


॥ श्री मारुती प्रसन्न ॥
पिंपळधरी, २ मार्च १९७४

ती. स्वरूपांस सा. न. वि. वि.

हिरवं लुगडं माझ्या आईनं नेसवलेलं होतं. असो. कांताच्या हातचं वरण तुम्हाला मानवलं, हे ओळींवरून कळलंच.

इथं पार्वतीबाई म्हणून एक आहेत. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना सात वर्षांपूर्वी बसवलं आणि पुढं तो वारला. आता उठवायला कोणी उरलं नाही. त्या अंगण झाडतात, आणि एसटी आली की घरून कोणी आलं काय वं, असं मला विचारतात. पहिल्या वर्षी त्याही पत्रं लिहायच्या, असं चंपतराव म्हणाले. तेव्हापासून मला भीती वाटते. सासूबाईंचं वय झालं आहे. लवकर या.

लोभ असेल तर तो या वेळी दिसावा.
गोपिका


॥ श्री ॥
वाडी, नागपूर, ११ एप्रिल १९७४

चि. सौ. गोपिकेस अनेक आशीर्वाद वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शिवरात्रीपासून आईचं काही खरं नाही. भाकरी अंथरुणात लपवते, दाराआड कोणी उभं आहे म्हणते, मला तू कोण म्हणून विचारते. परवा कांताला ताट फेकून मारलं, कांता गावी निघून गेली. शेजारची मंडळी म्हणतात, पिंपळधरीला बसवा.

२१ तारखेला, रविवारी सकाळच्या एसटीनं आईला आणून सोडतो आणि उलट गाडीनं परततो. तिला तूच सांभाळ. तू तिथली झालीच आहेस, सगळं तुला ठाऊक आहे. दोघी एका ठिकाणी असाल तर मीही निर्धास्त राहीन.

बाकी भेटीअंती. लोभ आहेच.
मधुकर


॥ श्री मारुती प्रसन्न ॥
पिंपळधरी, १६ एप्रिल १९७४

ती. स्वरूपांस सा. न. वि. वि.

अवश्य आणा. मी स्टँडवर उभी राहीन.

चंपतरावांना विचारून घेतलं. आधी सासूबाईंनी माझा नारळ फोडून मला उठवायचं. त्यांना उमगलं नाही तरी चालतं, हात त्यांचा असला की झालं. तो हात मी धरीन, आता मला सवय आहे. मग त्यांच्या पदरात नारळ मी घालीन. तुम्ही पुढं होऊ नका. मी कालच एक चांगला पाणीदार नारळ आणून ठेवला आहे.

पार्वतीबाईंनी सासूबाईंजवळ राहायचं कबूल केलं आहे. आपण दोघं त्याच उलट गाडीनं घरी जाऊ. तुम्हाला एका दिवसाची रजासुद्धा घ्यावी लागणार नाही.

सासूबाईंना केव्हा उठवायचं, याची घाई करू नये. त्याला स्वप्नात हुकूम व्हावा लागतो, तुम्हीच कळवलं होतं. मला सध्या स्वप्नं पडत नाहीत. आणि न उठवलेल्या बाईला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं, हेही मी विसरलेले नाही.

लोभ होता तसाच राहू द्यावा.
तुमची, गोपिका