पन्नास अब्ज मार्कांवर पहारा

३ मार्च
दादा आलाय, आठवडाभर. बाबांना भेटायला म्हणे! चहा संपायच्या आत पहिला प्रश्न — "बाबांचा तिकिटांचा अल्बम कुठंय?" दोन वर्षं फिरकला नाही आणि आता टपालाच्या तिकिटांची माया. पाणी कुठंतरी मुरतंय.

४ मार्च
दुपारी बाबा झोपले होते आणि हा भिंग घेऊन जर्मनीच्या पानावर. मला बघून पान उलटलं. "सहज गं." सहज! त्याच पानावर पन्नास अब्ज मार्कांचं तिकीट आहे. बाबांना हल्ली दिसत नाही. एखादं बदललं तर त्यांना काय कळणार? राखण मलाच करायला हवी.

५ मार्च
दादा बाबांना फिरायला घेऊन गेला. तेवढ्यात जर्मनीची चोवीसही तिकिटं काढली, प्रत्येकाच्या मागे बॉलपेनने बारीक फुली मारली, परत लावली. आता बदलून दाखव म्हणावं. किती बरं वाटलं!

६ मार्च
फुल्या जागेवर.

७ मार्च
उद्या तिकिटांचा व्यापारी घरी येणार — दादानं परस्पर ठरवलं! "बाबांनीच सांगितलं," म्हणतो. बाबा नुसते हसतात. माझ्यापासून लपवून काय शिजतंय?

८ मार्च
व्यापाऱ्यानं पन्नास अब्जाकडे धड बघितलंही नाही. "कोरं आहे, ताई. पैसा मातीमोल झाला तेव्हा छापलेलं. आकडा मोठा, किंमत चहापुरती." मग कोपऱ्यातलं एक शिक्का बसलेलं तिकीट चिमट्यानं उचललं. अशी वापरलेली कोऱ्यांपेक्षा मोलाची, पण शिक्के बहुतेक खोटे असतात, म्हणाला. बराच वेळ बघितलं. "हा खरा आहे."

बाबांचा चेहरा असा उजळला! इतकी वर्षं त्यांना हेच जाणून घ्यायचं होतं. दादा भिंगातून त्यांच्यासाठी तेच बघत होता, आणि खोटा निघाला तर बोभाटा नको म्हणून दोघं गप्प.

व्यापाऱ्यानं तिकीट उलटलं. माझी फुली. पेनचा दाब पुढच्या बाजूलाही उमटलेला. "अरेरे, हे कुणी केलं? गेली याची किंमत."

दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. "मीच, बाबा. लहानपणी. पेन हाताला लागलं होतं."

बाबा म्हणाले, "असू दे." बस्स. मी तशीच उभी राहिले. लाज वाटते लिहायला.

९ मार्च
दादा सकाळी गेला. राहवेना — बाबांना सगळं सांगून टाकलं.

म्हणाले, "माहीत आहे. ते तिकीट मी घेतलं तेव्हा दादा नोकरीला लागला होता."