क्युरपीप की किनारा

१ जानेवारी १९८३, शनिवार
नवी डायरी. दोह्यात आल्यापासून प्रथमच पहिल्या तारखेला सुरू होते आहे. शुभ लक्षण.

निर्णय घेतला. कतार खलास! मार्चअखेर राजीनामा, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मी बाहेर. पण परत नाशिकला जाऊन मेहुण्यांचे सल्ले ऐकत बसणार नाही. उल्का, मालविका आणि मी, तिघं मॉरिशसला राहणार. ट्रॅव्हल एजंटने कॅलेंडर दिलंय, त्याच्या पहिल्याच पानावर आहे. निळं पाणी, नारळ, उतरत्या छपराचं घर. मागे एका दिवाळी अंकात वाचलं होतं की तिथे कैक पिढ्यांपासून मराठी माणसं आहेत, गणपती बसवतात. आणि उकाडा आहे म्हणजे एसी आहेत, एसी आहेत म्हणजे फोरमन लागणार.

बेटावर नेमकं कुठे राहायचं, एवढंच ठरवायचं राहिलं. किरकोळ बाब. आठवडाभरात होऊन जाईल.

उल्काला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

७ जानेवारी, शुक्रवार
सुट्टी. इंडस्ट्रियल एरियात सुट्टीच्या दिवशी कुठे जाणार? बस फक्त कामाच्या दिवशी. खोलीत बसून अॅटलास काढला.

खोलीत पलंग चार. माझा एसीखाली. एसी गळतो, नेमका पायाशी. अंथरुणावर प्लास्टिक टाकून झोपतो. आधी गिऱ्हाइकाचा एसी, मग आपला, हे माझं तत्त्व आहे. चार वर्षं पाळतो आहे.

खिडकीशेजारचा पलंग जालिंदरचा. विट्याचा पोरगा, माझ्या हाताखाली मेकॅनिक. त्याला सगळा प्लॅन समजावला. दोन तास ऐकत होता. डोळे मिटून ऐकतो. अशी एकाग्रता हल्ली दुर्मीळ.

१४ जानेवारी, शुक्रवार
रजेवरून आलेल्या माणसाबरोबर उल्काची कॅसेट आली. पत्र लिहायला तिला शाळेच्या तपासायच्या वह्यांतून वेळ होत नाही, म्हणून हल्ली कॅसेटच. म्हणते, मालविकाच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक फ्लॅट आहे, बाल्कनीतून शाळेची घंटा ऐकू येते. बिल्डर ओळखीचा, पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला. तुम्ही फक्त हो म्हणा. हे वाक्य कॅसेटमध्ये तीनदा आहे. बाईंचा स्वभाव, मुलांना तीनदा सांगायची सवय.

शेवटी मालविका बोलली. बाबा, जूनमध्ये माझी दहावी सुरू होते, तेव्हा तुम्ही इथे असाल ना?

कॅसेट मागे करून तेवढंच पुन्हा लावलं. आवाज आईसारखा झालाय. मागच्या रजेत असा नव्हता. असणार, बेटा. बाबाने एकदा ठरवलं की ठरवलं.

संकल्प : (१) पहाटे पाचला उठून चालणे. (२) फ्रेंच. तिथे बोलतात. (३) पोहणे.

१५ जानेवारी
पाचला उठलो. बाहेर नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे परत झोपलो.

११ फेब्रुवारी, शुक्रवार
उल्काला कॅसेट भरली. दोन्ही बाजू. सरप्राइज फोडलं. किनारा का, हे पहिल्या बाजूला. दुसऱ्या बाजूला किनारा का नाही.

अडचण वादळाची आहे. किनाऱ्यावर राहायचं तर पत्रे उडतात. क्युरपीप नावाचं गाव डोंगरावर आहे, थंड, पण तिथे म्हणे सतत पाऊस. कपडे वाळत नाहीत. उल्काला कपडे वाळले नाहीत की चिडचिड होते. हा सगळा विचार मीच करायचा.

फ्लॅटबद्दल बोलायला टेप पुरली नाही.

४ मार्च, शुक्रवार
कंपनीने सुट्टी असून खास बस काढली, कोर्निशला म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर नेलं. पोहण्याचा मुहूर्त. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलो. जालिंदर पार लांब जाऊन आला. विट्यात कुठे शिकला, तर म्हणे विहिरीत. मी म्हटलं, विहिरीतलं पोहणं समुद्रात चालत नाही. तो हो म्हणाला आणि परत गेला.

फ्रेंच : बोंजूर, मेर्सी. प्रगती चांगली.

३१ मार्च, गुरुवार
राजीनामा टाइप करून घेतला. झकास झालाय. एकच पोकळी. शेवटी पुढचा पत्ता लिहावा लागतो, आणि किनाऱ्यावरचं ग्रँड बे की डोंगरावरचं क्युरपीप हे ठरलेलं नाही. पत्त्याशिवाय राजीनामा म्हणजे अर्धवटपणा. माणसाने नोकरी सोडावी तर नीट सोडावी.

खिशात ठेवला आहे.

१४ एप्रिल, गुरुवार
पाडवा. टेलिफोन ऑफिसात रांग लावून नाशिकला ट्रंक कॉल लावला. उल्का शेजाऱ्यांकडे येऊन उभी होती. वाक्वा नावाचं गाव सापडलंय, धड डोंगरावर नाही, धड किनाऱ्यावर नाही, पाऊस मध्यम, हे तिला सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, बिल्डर आज विचारतोय, घेऊ का? मी म्हटलं, पंधरा दिवस थांब. ती म्हणाली, तुम्ही मॉरिशसला कधी गेलायत का हो? तेवढ्यात लाइन कटली. नशीब.

हल्ली तिचा सूर बदललाय. लांब राहिलं की माणसं दूरदृष्टी गमावतात.

२० मे, शुक्रवार
जालिंदरची रजा मंजूर झाली. बायकोचं पहिलं बाळंतपण आहे. लग्न करून परत आल्याला आठ महिने झाले, आता चाललाय, हातात टू-इन-वन, ब्लँकेट, सासऱ्यांसाठी टॉर्च.

आमच्या कंपनीत रजेवर जायचं तर दुसऱ्या कोणाला जामीन राहावं लागतं. तो परत आला नाही तर जामिनाचा पासपोर्ट अडकतो, त्याच्या बदली माणूस मिळेपर्यंत जामिनाला कतारबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे कोणी सहजासहजी सही करत नाही. जालिंदर सगळी खोली फिरला. सगळ्यांना एकदम कामं आठवली.

मी केली सही. मनाच्या मोठेपणाला काय लागतं? ज्याने पाच महिने माझं बेट ऐकलं त्याला मी जामीन राहणार नाही तर कोण? हमीद म्हणजे आमचा मंदूब, पासपोर्ट-व्हिसाचं सगळं त्याच्या हातात. हैदराबादचा आहे, काळजीखोर. त्याने दोनदा विचारलं, फोरमनसाब, सोच लिये ना? मी पेन मागितलं.

जालिंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. पाया पडायला वाकला, मी अडवला. म्हणाला, फोरमनसाहेब, माझा पलंग तुम्ही घ्या, खिडकीजवळचा, तिथं गळत नाही. मी म्हटलं, बघतो. तिथे सकाळचं ऊन येतं. घाईने ठरवायची गोष्ट नाही.

२७ मे, शुक्रवार
खिडकीचा पलंग नव्या वेल्डरने घेतला. विचारलंसुद्धा नाही. असो. आता किती दिवस राहायचंय इथे!

४ जून, शनिवार
अखेर ठरलं! वाक्वा. पेनाने राजीनाम्यावर पत्ता घातला : वाक्वा, मॉरिशस. अक्षर किती सुंदर आलं! दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेलो.

हमीदने राजीनामा वाचला, चहा मागवला. मग म्हणाला, की राजीनामा जरूर पुढे पाठवू, पण जालिंदरच्या कागदावर सही तुमची आहे. तो परत येईपर्यंत पासपोर्ट तिजोरीतून निघत नाही.

मी म्हटलं, त्यात काय. तो पंधरा जुलैला येतोय.

म्हणजे महिनाभर उशीर. मालविकाची शाळा जूनमध्ये उघडेल, मी जुलैअखेर पोचेन. दहावीचा पहिला महिना उजळणीतच जातो.

१५ जुलै, शुक्रवार
एअरपोर्टला स्वतः गेलो. कंपनीच्या पिकअपमधून. बाहेर उभा राहिलो, उकाड्याने शर्ट पाठीला चिकटला. मुंबईचं विमान आलं. शेवटचा माणूस, मग झाडूवाले.

पुढच्या विमानाने येईल. बाळंतपण लांबलं असेल. पहिलटकरणीचं लांबतं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार
अजून नाही.  मी खोलीत आलो की बोलणं थांबतं. वेल्डरने काल चहा आणून दिला. मला त्याचा चहा आवडत नाही.

पाचला उठायचा संकल्प पुन्हा सुरू. आज अकराला.

२ सप्टेंबर, शुक्रवार
जालिंदरची कॅसेट आली. एकट्याने ऐकली.

मुलगी झाली. विट्याच्या एसटी स्टँडसमोर गाळा घेतलाय, फ्रिज-रिपेअरिंगचा. परत येणार नाही. कॅसेटमध्ये तो रडतोय. म्हणतो, तुमी कुटं ऱ्हायचं, कुटं ऱ्हायचं म्हनून रोज बोलायचा. मी डोळं मिटून इचार करायचो, की मला कुटं ऱ्हायचंय? मला आमचं इटं गावच दिसायचं. पोरीला हातात घेतली आन् पाय निघंना. साहेब, माज्यामुळं तुमी अडकला, मला माफ करा. मागून बाळ रडत होतं आणि एसटीचा हॉर्न.

पहिल्यांदा कॅसेट फोडावीशी वाटली. मग दुसऱ्यांदा ऐकली.

नालायक. पाच महिने मी बोललो आणि निर्णय यानं घेतला!

१० सप्टेंबर, शनिवार
गणेश चतुर्थी. दोह्यातल्या अल मन्सूरा वस्तीत एका कुटुंबाकडे मोदक मिळतात असं कळलं होतं. कामावरून सुटल्यावर तिकडे जायला बस नव्हती.

हमीदला भेटलो. बदली माणसाचा व्हिसा कधी येईल विचारलं. इन्शाल्ला, म्हणाला. वरून म्हणाला, की जालिंदरच्या नावाने एक काम ठरलं होतं. समुद्रात हलूल नावाचं बेट आहे, तिथे तेल साठवतात. तिथल्या कॅम्पच्या एसींचं कॉन्ट्रॅक्ट आपल्याला मिळालंय, एक माणूस कायम तिथे ठेवायचा आहे. आता जालिंदर नाही, तर त्याचा जामीन.

मी म्हटलं, मी फोरमन आहे. तो म्हणाला, वहाँ भी फोरमनच रहेंगे, साब. अकेले.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
उल्काची कॅसेट. छोटी, एकच बाजू.

फ्लॅट घेतला. बिल्डर गणपतीपर्यंत थांबला होता, आता तिने स्वतःच हो म्हणून टाकलं. राहायलाही गेल्या. म्हणते, तुमच्यावर राग नाही, पण मालविकाला अभ्यासाला खोली हवी होती आणि मला रोज उठून वाट बघायचा कंटाळा आला. दारावर पाटी लावलीय, तुमचंच नाव आहे वर. तुम्ही याल तेव्हा या. शेवटी बाल्कनीत टेप नेला असावा. शाळेची घंटा ऐकू आली. लांबलचक. घंटा संपल्यावर टेप नुसता चालू होता.

मला तिथे असायचं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, डायरीत लिहितो. मला फक्त तिथे असायचं होतं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. माझं मत विचारलं असतं तर मी पहिला मजला म्हटलं असतं. किंवा दुसरा.

४ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवाळी. टेलिफोन ऑफिसला गेलो. बातमी चांगल्या शब्दांत सांगितली : बदली झाली, बेटावर. उल्का हसायला लागली, थांबेचना. मग हसण्याचा आवाज बदलला. फोन मालविकाने घेतला. म्हणाली, बाबा, तिथे नारळ आहेत का?

आहेत म्हटलं. चौकशी करायला हवी.

३ डिसेंबर, शनिवार
हलूल. बोटीने आलो. सगळ्या वाटेने उलट्या. खलाशी म्हणाले आज समुद्र शांत आहे.

अॅटलासमध्ये पाहिलं, बेट कर्कवृत्ताच्या जरासं वर आहे. तांत्रिकदृष्ट्या उष्ण कटिबंध म्हणता येणार नाही, पण एवढं-तेवढं चालतं. नारळ नाहीत. झाड म्हणावं असं काही दिसलं नाही. खडक, टाक्या, पाईप. पाणी मात्र निळं आहे, कॅलेंडरसारखंच. परत जायला बोट रोज असते, पण ती माझ्यासाठी नसते.

कॅम्प-बॉस सज्जन वाटला. खोलीत दोघांची सोय, दोन्ही पलंग रिकामे. दुसऱ्या कंपनीचा एक माणूस उद्या येतोय. तुम्ही आधी आलात, निवडा म्हणाला. खिडकीकडचा की दाराकडचा?

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी बेटावर कुठे राहणार असं विचारलं. दोन्हींवर बसून पाहिलं. खिडकीतून समुद्र दिसतो, पण खारा वारा थेट छातीवर. दाराकडे आडोसा, पण येणारा-जाणारा धक्के देणार. सांगतो म्हटलं, उद्या सकाळी.

४ डिसेंबर, रविवार
खिडकीकडचा गेला. तो माणूस पहाटेच्या बोटीने आला आणि सरळ आडवा झाला.

दाराकडचा बरा आहे. वर एसी आहे. गळतो, नेमका पायाशी.

प्लास्टिक दोह्यालाच राहिलं.