नमुन्याचे दोन बेल

तिगाव,
आश्विन वद्य तृतीया, शके १९०८

आदरणीय व्याही श्री. बापूजी यांस पुंडलिकचा सविनय नमस्कार.

आपला डावा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, आणि विहीणबाईंचा खोकला मोहगावच्या वैद्यांनी हटवला की वाढवला, हे प्रथम कळवावे. आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. (आमच्या सौ. मनकर्णाबाईंच्या मते माझी ठीक नाही, परंतु त्यांनी लक्षणे सांगितली, कारण सांगितले नाही, म्हणून ते विधान मी मान्य केलेले नाही.) आपली कन्या व आमची सून चि. सौ. वंदना नागपुरास सुखरूप आहे.

पत्रास कारण, आपण पाठवलेली बैलजोडी. वाद उपस्थित करण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडणे योग्य. अडतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी येथे पाच एकर जमीन घेतली. दोन एकरांत संत्री, तीन एकरांत गवत, गोठ्यात तीन म्हशी. शेतीचा पूर्वानुभव शून्य. आमच्या चि. प्रभाकरने मला लेखी अट घातली आहे की, म्हशींचे वर्षाचे गवत दिवाळीपर्यंत छपराखाली आले नाही, तर शेत विकायचे आणि आम्ही उभयतांनी नागपुरात त्याच्या दोन खोल्यांत राहायला जायचे. अट मी स्वीकारली, कारण तिच्यात तार्किक दोष सापडला नाही. आता तीच मला छळते आहे. गवत रोज थोडे अधिक पिवळे होते, आणि मी बांधावर उभा राहून त्यास जरा थांबण्याची विनंती करत असतो.

यंत्राचा मार्ग मी विचारपूर्वक निवडला होता. पांढुर्ण्याचे गुणवंता नावाचे एक गृहस्थ ट्रॅक्टरच्या दुकानातर्फे तीनदा येऊन गेले. पंचवीस अश्वशक्तीचा घ्यावा की पस्तीस, या प्रश्नावर मी त्यांना प्रत्येक अश्वाचे प्रयोजन विचारले. ते म्हणाले, "सर, जास्त घोडे कधी वाया जात नाई." त्यांच्या मते मागे जोडायचे कापणीयंत्र तासाला एक एकर गवत कापते. म्हणजे काम तीन तासांचे. मग वर्षाचे उरलेले दिवस ट्रॅक्टरने काय करावे? त्यावर त्यांनी अतिशय गंभीरपणे सांगितले, "लग्नाचं वऱ्हाड न्या ना सर, ट्रॉलीत चाळीस मानसं बसते." शिवाय आमचे फाटक मोजता असे आढळले की ट्रॅक्टर आत येतो, कापणीयंत्र येत नाही. थोडक्यात, यंत्रावाचून ट्रॅक्टरला अर्थ नाही आणि ट्रॅक्टरवाचून यंत्राला गती नाही. यास आमच्या शास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. (गुणवंतांनी हा शब्द वहीत उतरवून घेतला. ती एखादी नवी कंपनी असावी, असा त्यांचा समज दिसला.)

अशा संभ्रमात आपला निरोप आला की, नागपूरच्या प्रदर्शनात गवत दाबून चौकोनी गठ्ठे बांधणारे यंत्र आहे आणि आपल्या ओळखीने नमुना मिळेल. कापसाची असती तर आपण सर्वांनी गाठ म्हटले असते; परंतु त्या यंत्राच्या पत्रकात गठ्ठ्यास 'बेल' असे छापले होते, आणि छापील संज्ञा बदलण्याचा अधिकार मी स्वतःस देत नाही. एक बेल म्हशींना घालून पाहावा, दुसरा गळक्या छपराखाली ठेवून पाहावा, अशी परीक्षा योजून मी आपणांस तार केली: "दोन बेल पाठवा. पाहून ट्रॅक्टर ठरवू."

पाचव्या दिवशी फाटकात आपले गडी नत्थूजी उभे. दोन दिवस पायी चालून आलेले, हाती कासरा, कासऱ्याला दोन बैल. म्हणाले, "बापूजीनं धाडले. पाहून घ्या म्हने, अन् मंग टॅक्टर ठरवा." मी विचारले, बेल कुठे आहेत? ते म्हणाले, "हे काय उभे हायेत मास्तर! चष्मा पुसा जरासा." आमचा हा संवाद चालू असता डाव्या बैलाने ओट्यावरची ट्रॅक्टरची पत्रके चघळायला घेतली. पस्तीस अश्वशक्ती संपूर्ण गेली. पंचवीसची निम्मी वाचली.

त्यांना तसेच परत पाठवणे हाच न्याय होता. परंतु नत्थूजी माझे विवेचन संपेपर्यंत थांबले नाहीत. "मास्तर, गवत वाळून राहिलं अन् तुमी कागद वाचून राहिले," एवढे बोलून ते गावात गेले आणि पाच विळे, पाच माणसे आणि शेजारची एक बंडी घेऊन आले. बैल बंडीला जुंपले. ही बंडी आमच्या फाटकातून दोन्ही बाजूंस वीतभर जागा सोडून जाते, हे मी स्वतः मोजले आहे. आज दोन एकर गवत छपराखाली आहे, एक एकर उभे आहे. यावरून माझी चिंता दूर झाली असा निष्कर्ष काढू नये; ती फक्त एका एकरावर आली आहे.

तथापि प्रमाद तो प्रमादच. मी 'बेल' लिहिले, आपणांस 'बैल' पोहोचले. मधल्या वाटेत कोणीतरी एक मात्रा वाढवली. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांचा मात्रेमागे अर्धा गुण कापला, त्याच्या दारात तीच मात्रा आठ पायांनी येऊन उभी राहावी, हे सहन करण्यापलीकडचे आहे. तार खात्याकडे चार पानी तक्रार लिहून तयार आहे. पुराव्यासाठी आपल्याकडील मूळ तार रजिस्टर टपालाने त्वरित पाठवावी. विहीणबाईंना नमस्कार.

आपला नम्र,
पुंडलिक

ता. क. – बैल तत्त्वतः आपले असून ते परत करण्यास मी बांधील आहे. केव्हा, हे तत्त्वात सांगितलेले नाही. दिवाळीपर्यंत नत्थूजींना परत बोलावू नये. शक्य असल्यास त्यानंतरही विसरावे. उजवा बैल मला पाहून मान हलवतो. माझ्या वर्गात इतक्या सातत्याने कोणी संमती दिलेली आठवत नाही.

ता. क. दुसरे – पाकीट बंद करण्याआधी मनकर्णाबाईंनी माझ्या फायलीतून त्या तारेची कार्बन प्रत काढून समोर ठेवली. मात्रा दोन आहेत. अक्षर माझे आहे. तरी मूळ तार पाठवू नये. चुलीत घालावी, आणि प्रभाकरला यातले काही कळू नये. तारबाबूंचा मी मनोमन अपराधी आहे. मनकर्णाबाईंनी माझ्याच लाल पेन्सिलीने त्या प्रतीवर अर्धा गुण कापला. निकाल विचारला तर म्हणाल्या, "पास केलं. गवत घरात येऊन राहिलं म्हनून."