तेराची पट

४ मार्च
ताईच्या कारखान्यातल्या पिंपातला द्रव जाळून पाहिला. कार्बन एक, हायड्रोजन एक. बस्, एवढंच! हे नुसतं प्रमाण. एका रेणूत अशा जोड्या किती, ते यातून कळत नाही. एका जोडीचं वजन तेरा. सहा असतील तर अठ्ठ्याहत्तर — बेंझीन. रक्ताच्या मुळावर उठणारं. आठ असतील तर एकशे चार — स्टायरीन. तेही चांगलं नाहीच, पण ताईच्या डॉक्टरांना धास्ती आहे ती सहाची.

ताई बुटांना तळ चिकटवते. गोंद पातळ करायला हेच वापरतात. दंडावर निळे डाग. कुठे आपटल्याचं आठवत नाही म्हणते. मालक म्हणतो, "नुसतं थिनर आहे. अत्तर समजा."

६ मार्च
चंबूत थोडा द्रव, तोंडावर फॉइल, फॉइलला सुईचं भोक. उकळत्या पाण्यात धरला. सगळ्याची वाफ झाली. गार करून वाफेचं वजन, मग हिशेब — रेणूचं वजन एकशे तीन. आठ! जिन्यातूनच ताईला फोन केला. "बघ, उगाच घाबरवलंस!" म्हणत ती हसली. किती दिवसांनी.

७ मार्च
कागद तराजूबाईंना दाखवला. आमच्या प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ. काट्यावर माशी बसली तरी त्यांना कळतं. "आठचं? आणि उकळत्या पाण्यात सगळं उडालं? चमत्कारच! अगं, ते पाण्याच्या कितीतरी नंतर उकळतं. हवा तो आकडा आला की तपासायचं नसतं, नाही का?"

फॉइलच्या कडेखाली पाणी अडकलं होतं. त्याचं वजन मी ताईच्या बाजूने धरलं.

८ मार्च
चंबू कोरडा करून पुन्हा. पुन्हा. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

सहा.

९ मार्च
ताईने ऐकून घेतलं. "आणि उद्यापासून खाऊ काय? तुझा आकडा?" मग बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत बसली. बराच वेळ. "बरं. सोडते."

मला रडू आवरेना.

"रडतेस काय, मेले नाही अजून!"

१५ मार्च
डॉक्टर म्हणाले, वेळेत सुटली. रक्त सुधारेल, बहुतेक.

१८ मार्च
ताईच्या जागेवर आजपासून तिची धाकटी जाऊ बसते. गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली. ताईनेच मालकाकडे शब्द टाकला.

"तिला सांगितलंस?"

"तुझं ते सहा-आठ तिला काय कळणार!"